जवळच्या माणसाचं काम

श्रावणातली दुपार. बाहेर ऊन आणि पाऊस एकमेकांच्या मागे पळत होते, आणि आत गंगारामकाकांच्या सायबर कॅफेत करुणा तांबे कीबोर्डवर राग काढत होती.

ही दोन हजार चारची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत घरोघरी इंटरनेट नव्हतं. मांडवीच्या रस्त्याला गंगारामकाकांचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यातच मागच्या बाजूला त्यांनी चार कॉम्प्युटर मांडून ठेवले होते. फोनच्या तारेतून किरकिरत लाइन जोडली जायची, आणि नेमकी हवी तेव्हा तुटायची. करुणा जवळच्याच एका वाचनालयात नोकरीला होती. तिथे पुस्तकांच्या देवघेवीसाठी ‘पडाव’ नावाचा प्रोग्राम वापरत. पडाव कुणा कंपनीचा नव्हता. ठिकठिकाणचे हौशी लोक तो मिळून लिहायचे. त्याचा कोड सगळ्यांना खुला, सुधारणा सुचली तर कुणीही करून पाठवावी, आणि सगळं बोलणं एका मेलिंग लिस्टवर. एकाने लिहिलं की सगळ्यांना जायचं.

करुणाने त्या लिस्टवर एक अडचण विचारली होती. नमस्कार घालून, नीट समजावून. त्यावर उत्तर आलं होतं, ‘सूचना वाचा. मग लिहा.’ खाली सही… गंधार लिमये, मेंटेनर. म्हणजे लोकांनी पाठवलेला कोड तपासून आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारा माणूस.

आज ती त्याला उत्तर लिहीत होती. चांगलं पानभर झालं होतं. शेवटचं, सगळ्यात झोंबरं वाक्य लिहून तिने माउसकडे हात नेला… आणि लाईट गेली.

“गेली गो बाय,” काउंटरवरून गंगारामकाका म्हणाले. “आता कधी येत्येय कुणास ठाऊक.”

करुणाने कपाळाला हात लावला. शेजारच्या स्टुलावर एक तरुण मघापासून आपली पाळी यायची वाट बघत बसला होता. खांद्याला शबनम, चपलांना लाल माती, चष्म्यावर पावसाचे थेंब.

“महत्त्वाचं होतं?” त्याने विचारलं.

“एका उद्धट माणसाला धडा शिकवत होते.”

“काय लिहिलं होतंत?”

अंधारात ओळख नसलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं. करुणाने घडाघडा म्हणून दाखवलं. सूचना वाचूनच लिहिलंय. सूचना तुम्हीच लिहिल्या आहेत, आणि त्या माणसांसाठी लिहिलेल्या दिसत नाहीत. लोक आपला वेळ घालवून तुम्हाला मदत करतात, आणि तुम्ही त्यांना दारातून हाकलता. असंच चाललं तर कोडवर तुम्ही एकटेच बसाल, आणि तेव्हा चुका दाखवायलाही कुणी असणार नाही.

तो खाली मान घालून ऐकत होता. तिचं संपलं तेव्हा त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“परत लिहू नका,” तो म्हणाला. “म्हणजे… पाठवायची गरज नाही. पोचलं.”

करुणाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचे कान तापले. गंगारामकाका अंधारात तोंडावर पंचा धरून हसत होते.

“तुम्ही… पुण्याला असता ना?” ती कशीबशी म्हणाली.

“पूर्णगडला. घरची बाग आहे. दोन दिवसांआड एसटीने येतो, मेल बघायला. एका तासात शंभर मेलना उत्तरं द्यायची असतात, म्हणून…”

“म्हणून दोन-दोन शब्दांत लोकांचा अपमान करता.”

“वेळ वाचतो,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. त्याला हसताना डावीकडे खळी पडते, हे करुणाला त्या काळोखातही दिसलं. कसं दिसलं, ते विचारू नका.

*

लाईट येईपर्यंत त्या दोघांत एक करार झाला होता. गंधारने कोड बघायचा, करुणाने माणसं बघायची. बी.एस्सी.नंतर तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे कोण काय म्हणतोय ते तिला समजत होतं.

आणि तिला ते जमलं. लिस्टवर नवा माणूस आला की ती आधी त्याचं स्वागत करायची, मग तो काय म्हणतो ते समजून घ्यायची, आणि मग गंधारचे आक्षेप त्याला पचेल अशा भाषेत सांगायची. गंधारच्या ‘चूक’ या एका शब्दाचं तिच्या हातून ‘इथपर्यंत उत्तम झालंय, आता एवढं बघाल का’ व्हायचं. सोडून गेलेले लोक परतले. पुण्याचा सलिल, जो गंधारवर चिडून महिनाभर गप्प होता, तोही परत पॅच पाठवू लागला. पॅच म्हणजे कोडला लावायचा दुरुस्तीचा तुकडा.

गंधार मात्र आक्षेप काढण्यात कसूर करत नसे. सलिलचा पॅच असो की अमेरिकेतल्या कुणा देशमुखांचा, त्याने ओळन् ओळ वाचलेली असायची. त्याचा नियमच होता, दुसऱ्याने तपासल्याशिवाय एक ओळसुद्धा आत जाणार नाही. स्वतःचा कोडही तो सलिलकडून तपासून घ्यायचा.

कॅफेतून निघाले की दोघं मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जायची. त्याची शेवटची एसटी, तिची घरची वाट, दोन्हींना उशीर होत असे.

“आज देशमुखांना काय लिहिलंत माझ्या नावाने?” तो विचारायचा.

“तुम्ही त्यांचे आभार मानलेत.”

“मी?”

“हो. मनापासून.”

“बरा माणूस दिसतो मी लिस्टवर.”

“लिस्टवर,” ती म्हणायची.

पाऊस आला की तो आपली छत्री उघडायचा, आणि ती मुद्दाम स्वतःची उघडायची. दसरा जवळ येईपर्यंत मात्र तिची छत्री बऱ्याचदा वाचनालयातच राहू लागली.

त्याच दिवसांत करुणाने आपला पहिला पॅच लिहिला. वाचनालय सोडून जाणाऱ्या सभासदाचं खातं बंद करायची सोय पडावमध्ये नव्हती, ती तिने केली. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर बसून, पुन्हा पुन्हा खोडून, पुन्हा लिहून. मग एकदाचा पाठवला. गंधार आता किती आक्षेप काढणार… तिने उत्तरं देण्यासाठी कोरे कागदसुद्धा जवळ घेतले होते.

उत्तर लगेच आलं. ‘छान. आत घेतला.’

ती हसली. मग हसू हळूहळू ओसरलं. एकही आक्षेप नाही? सलिलला निघतात, देशमुखांना निघतात… पण आनंदात शंका काढायची नाही असं तिने ठरवलं, आणि तिथेच चुकलं.

*

दसऱ्याला पडावची नवी आवृत्ती निघाली. चार दिवसांनी केळशीहून हेमाताईंचा मेल आला. हेमाताई तिथलं छोटं वाचनालय चालवायच्या.

‘एका मुलीचं लग्न झालं म्हणून तिचं खातं बंद केलं, तर तिच्या माहेरच्या सगळ्या माणसांच्या नोंदी पुसल्या गेल्या. गावात यंदा लग्नं बरीच झाली. आता निम्म्या गावाकडे कोणतं पुस्तक आहे ते मला सांगता येत नाही.’

लिस्टवर एकच गलका झाला. सलिलने लिहिलं, ‘हा पॅच कुणी तपासला? माझ्या पॅचवर पानभर आक्षेप येतात. हा तपासल्याशिवाय आत गेलाय का? नियम काही जणांनाच असेल तर तसं सांगा. रविवारपर्यंत खरं काय ते लिस्टवर आलं नाही, तर आम्ही पुण्याचे लोक कोड घेऊन वेगळी चूल मांडतो.’

ही पोकळ धमकी नव्हती. निम्मं काम पुण्याचे लोक करत होते. ते गेले असते तर पडावचे दोन तुकडे झाले असते, दोन्ही अर्धवट, आणि गावोगावची छोटी वाचनालयं मध्येच लोंबकळली असती.

करुणा उत्तर लिहायला बसली, तर गंधारचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं. ‘तो कोड माझा होता. करुणा यांच्या नावावर नजरचुकीने गेला. तपासायचा राहिला. चूक माझी.’

तिने ते दोनदा वाचलं. मग पैसे काउंटरवर ठेवून ती सरळ जेटीवर गेली. तो तिथेच होता, कठड्याला टेकून. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा बघून विझला.

“ते काय लिहिलंत?”

“सलिल तुमच्यावर तुटून पडला असता.”

“पडला असता तर पडला असता. तुम्ही खोटं लिहिलंत. चूक माझी आहे… ती मला परत द्या.”

तो हसणार होता. पण ती थट्टा करत नव्हती.

“एक विचारते, खरं सांगा. माझा कोड वाचला होतात?”

समुद्राकडून वारा आला. एक होडी लाटांवर वरखाली होत होती. तो त्या होडीकडेच बघत राहिला, जणू तिच्यावरच उत्तर लिहिलं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“का?”

“वाचायला घेतला होता. पण वर तुमचं नाव होतं, आणि… ‘हे चुकलंय’ असं तुम्हाला लिहायला हात होईना. मग म्हटलं, बरोबरच असेल.”

एरवी हे वाक्य तिने जपून घरी नेलं असतं. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

“शाळेत आम्हाला एक बाई होत्या,” ती म्हणाली. “बाकीच्या मुलींचे निबंध लाल शाईने भरून टाकायच्या. माझ्या निबंधाखाली नुसती सही. एकदा प्रेमाने म्हणाल्या, तुझ्याकडून एवढं आलं हेच खूप. आमच्या पप्पांनी तो निबंध घरी पहिल्यापासून तपासला. पानभर चुका काढल्या. मी रडले… पण मला कळलं की त्यांनी तो वाचलाय. तुम्हीही पप्पांसारखे वाटला होतात मला. तुम्ही त्या बाई निघालात.”

“करुणा, माझ्या मनात तसं…”

“तुमच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर जास्त लागलं. मी केळशीला जात्ये. तुम्ही येऊ नका.”

*

केळशीला उतरली तेव्हा हेमाताई एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. “एकटीच आल्येस?” त्या म्हणाल्या. “आणि तो तपासणारा कुठाय?”

दोन दिवस दोघी आळ्या-आळ्यांतून हिंडल्या. दारात उभं राहून विचारायचं, तुमच्याकडे वाचनालयाचं काय आहे? लोकांनी देवघरातून, माळ्यावरून, पाळण्याच्या उशीखालून पुस्तकं काढून दाखवली. एका आजोबांनी फार जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक आणून हातात ठेवलं. “कॉम्प्युटर विसरला असं कळलं, म्हटलं सुटलो,” ते म्हणाले. “तू दारात येशील असं नव्हतं वाटलं हो.”

चूक कुठे झाली ते करुणाला तिथेच समजलं. तिच्या वाचनालयात सभासद क्रमांक माणसाला असायचा. केळशीत तो घराला होता… एक घर, एक क्रमांक, त्यात आजीपासून नातवापर्यंत सगळे. तिच्या कोडने क्रमांक बंद केला, आणि घरच पुसलं गेलं.

“गंधारने वाचलं असतं तर त्याला लगेच दिसलं असतं,” हेमाताई म्हणाल्या. “पूर्णगडला पण असंच आहे की गो.”

रविवारी दुपारी ती गंगारामकाकांच्या दुकानात पोचली. अंगावर प्रवासाची धूळ, आणि जीव टांगणीला. हे लिहिलं की गंधार सगळ्यांसमोर खोटा पडणार होता. नाही लिहिलं तर पडाव फुटणार होता. तिने लिहिलं.

‘कोड माझा होता. गंधार यांनी तो न तपासता आत घेतला, आणि नंतर माझ्या चुकीवर पांघरूण घातलं. दोन्ही चुकीचं झालं. केळशीच्या नोंदी परत भरल्या आहेत. कोड मी दुरुस्त करून पाठवीन. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून एक नियम सुचवते. आपल्या जवळच्या माणसाचं काम आपण तपासायचं नाही. जवळचं कोण, ते ज्याचं त्याने ओळखावं, आणि लिस्टवर कळवून बाजूला व्हावं. कळवायचं दोघांनीही.’

लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर नवराबायको आणि भाऊ-भाऊ होते, असं तिचं म्हणणं. आपण ऐकून घ्यावं.

संध्याकाळी सलिलचं उत्तर आलं. ‘हे पहिल्याच दिवशी आलं असतं तर एवढं ताणलं नसतं. आम्ही कुठे जात नाही. नियमाला माझा होकार.’ त्यामागून होकारांची रांग लागली. सगळ्यात शेवटी गंधारचा. ‘होकार. सलिल बरोबर म्हणतो, करुणाही.’ बस, एवढंच.

मग तो तिला कॅफेत दिसेनासा झाला. “बुधवारी येऊन गेला सकाळचा,” गंगारामकाका सांगायचे. “तुझी वेळ चुकवतोय की काय गो?”

करुणाने कोड दुरुस्त केला, घराचा क्रमांक आणि माणूस वेगळे केले, आणि पाठवून दिला. पाठवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण स्वतःला कुठे अडकवून घेतलंय. आता गंधारने ओळन् ओळ वाचून आक्षेप काढले, तर तिला हवं तेच होणार होतं. पण त्याचा अर्थ असाही होणार होता की ती त्याची कुणी नाही. जेटीवर एवढं बोलल्यावर कोण कशाला कुणी असेल? तिला तपासून हवं होतं, आणि तपासायला नकोही होतं. घरी ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली, आणि पप्पा काही न बोलता जेवू लागले.

एक आठवडा गेला. तिचा पॅच तसाच पडून होता. शेवटी सलिलनेच लिस्टवर विचारलं, ‘गंधार, करुणाचा पॅच बघताय ना?’

आता त्याला उत्तर देणं भागच होतं.

*

परतीचा पाऊस त्या दिवशी दुपारीच गडगडत आला होता. करुणा छत्री विसरून भिजत कॅफेत शिरली. लाइन लागली, तुटली, परत लागली. गंधारचं नाव दिसलं आणि तिने खुर्ची पुढे ओढली. मेल हळूहळू उघडत गेला.

‘सलिल, हा पॅच मी तपासणार नाही. नव्या नियमाप्रमाणे लिस्टवर कळवतो आहे. वाचला आहे, सगळा, आणि एकदाच नव्हे. आक्षेपही आहेत, चांगले तीन. पण ते मी काढणं आता बरोबर होणार नाही. कृपया तुम्ही बघा. गंधार.’

बाकी काही नाही. जगभर पसरलेल्या सगळ्या लिस्टसमोर, त्याच्या त्या कोरड्या भाषेत.

खाली उत्तरं सुरूही झाली होती. सलिलने लिहिलं होतं, ‘बघतो. आक्षेप माझ्यालेखी पाच आहेत.’ आणि त्याखाली हेमाताई, ‘केळशीला या. दोघांना मिळून एकच क्रमांक देईन.’

करुणा हसत होती की रडत होती, ते तिला कळेना.

“तासाभरापूर्वी पाठवून गेला,” गंगारामकाका म्हणाले. “गेला म्हणजे… मागच्या दाराच्या पायरीवर उभा आहे. म्हणतो, पाऊस थांबला की निघतो. पाऊस तर मघाच थांबला.”

ती मागच्या दारात आली. तो पाठमोरा उभा होता, छत्री मिटलेली, चपलांना लाल माती.

“तपासणार नाही म्हणे,” ती म्हणाली.

तो वळला. “नियम आहे.”

“कुणी केला?”

“लिस्टवर एक बाई आहेत. फार कडक आहेत.” मग त्याचा आवाज उतरला. “करुणा, त्या दिवशी तू म्हणालीस ते खरं होतं. मला वाटलं होतं, सांभाळून घेतलं म्हणजे झालं. या आठवड्यात तुझा कोड वाचताना जितके आक्षेप सापडले ना… प्रत्येक वेळी वाटायचं, जाऊन तिला सांगावं. तीनदा एसटीपर्यंत आलो. दोनदा परत गेलो.”

त्याने तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. तिने ते ऐकलं, आणि ऐकलं नाहीसं दाखवलं.

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा सलिलने विचारलं.”

ती वळून आत जाऊ लागली.

“कुठे चाललीस?” त्याने घाबरून विचारलं.

“नियम नीट वाचला नाहीस. कळवायचं दोघांनीही आहे. माझं राहिलंय.”

तो तिच्यामागोमाग आत आला आणि शेजारच्या स्टुलावर बसला. ती लिहू लागली. त्याने डोकावून बघायचा प्रयत्न केला, तिने हाताने पडदा झाकला. शेवटचा शब्द लिहून तिने माउसकडे हात नेला…

लाईट गेली.

“गेली गो,” गंगारामकाका म्हणाले, आणि या वेळी त्यांनी पंचा तोंडावर धरलाच नाही.

बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. मग शेजारून आवाज आला, “काय लिहिलं होतंस?”

करुणाने सांगितलं. या वेळी घडाघडा नाही, एकेक शब्द सुटा करून. “लिहिलं होतं, गंधार यांचं काम यापुढे मी तपासू शकणार नाही. ते माझ्या जवळचे आहेत. सगळ्यात.”

त्याचा हात स्टुलाच्या कडेवरून चाचपडत आला आणि तिच्या हातापाशी थांबला.

“परत लिहू नकोस,” तो म्हणाला. “पोचलं.”

“तुला पोचलं,” ती म्हणाली. “लिस्टला कुठे पोचलंय?”

गंगारामकाकांनी मेणबत्ती लावून काउंटरवरच ठेवली, मागे आणली नाही. आणि ती दोघं लाईट यायची वाट बघत तिथेच बसून राहिली.